खेळातले किडे आणि बांधावरचे किडे

भिगवणहून इंदापूरकडे जाताना पुणे-सोलापूर महामार्गालगत डाळज लागते. डाळज हे एक गाव नाही. क्रमांक १, २ आणि ३ अशी तीन डाळजे आहेत. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचे पाणी या गावांच्या शिवारापर्यंत येऊन ठेपले. एका बाजूला नजर पोचेल तेथवर पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊस, असा हा मुलूख. हिवाळ्यात येथे रोहित पक्षी पाहायला लांबून माणसे येतात. आम्ही गेलो होतो ते मात्र भाद्रपदात, आणि पक्ष्यांसाठी नव्हे, तर पक्षी ज्यांच्यावर पोट भरतात त्या चिलटांच्या अळ्यांसाठी.

या अळ्या काठच्या गाळात राहतात. गाळात प्राणवायू फार थोडा असतो. आपल्या रक्तात जसे हिमोग्लोबिन असते तसेच यांच्या शरीरद्रवातही असते, म्हणून त्या लालचुटूक दिसतात आणि इतर कीटक गुदमरतील अशा ठिकाणी जगू शकतात. गाळ चाळणीत घेऊन धुवायचा आणि उरलेल्या अळ्या मोजायच्या, असे आमचे काम चालले होते. बादली धरायला गावातला आठवीतला एक मुलगा आपणहून आला होता.

दुपारी त्याच्या घरी चहा झाला. पडवीत बसल्यावर त्याने मोबाइल काढून आम्हांला आपला संग्रह दाखवला. तो एक ऑनलाइन खेळ होता. त्यात एक काल्पनिक प्राणी पाळायचा, त्याला खाऊ घालायचे, त्याला घेऊन रानोमाळ हिंडायचे आणि वाटेत भेटतील ते किडे गोळा करायचे. मिळालेला किडा चौकोनात रंगीत दिसतो. न मिळालेल्याची नुसती करडी आकृती. त्याच्याकडे एकसष्ट किडे होते. कोणता रात्री येतो, कोणता पावसातच सापडतो, कोणता झाडाच्या ढोलीत बसतो, हे तो धडाधड सांगत होता.

पडवीसमोरच ऊस होता. उसाच्या पानावर गवताच्या रंगाचा, पुढे चोच काढल्यासारखा एक बारीक कीटक बसला होता. आम्ही विचारले, "आणि हा कोण?"

"ह्यो होय? ह्यो नुसता किडा हाय, सर."

शेजारी बसलेले त्याचे चुलते म्हणाले, "पाकोळी हाय ती. लई झालीय औंदा. उद्या सकाळी फवारा मारायचाय."

त्याच पानाच्या मागे पांढरे, कापसासारखे बारीक ठिपके चिकटलेले होते. ते काय, असे मुलाने आम्हांला विचारले. आणि खरे सांगायचे तर ते आम्हांलाही ठाऊक नव्हते. आमचा अभ्यास पाण्यातल्या कीटकांचा. एकसष्ट काल्पनिक किडे ओळखणारा मुलगा आणि कीटकांवर प्रबंध लिहिलेले आम्ही, दोघेही एका उसाच्या पानापुढे सारखेच अडाणी ठरलो. या लेखाचा विषय त्या पानावरून सुचला.

खेळाचे मूळ शिवारातच

असे खेळ आले कोठून? पोकेमॉन या जगभर गाजलेल्या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा. टोकियोजवळच्या माचिदा येथे त्यांचे बालपण गेले. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा नाद होता. पुढे त्या भागातील तळी बुजली, शेते गेली आणि तेथे इमारती उभ्या राहिल्या. आपल्याला किडे शोधताना जो आनंद मिळाला तो शहरातल्या मुलांना मिळावा, या विचारातून त्यांनी खेळ रचला. तो १९९६ साली जपानमध्ये बाजारात आला. त्यात गोळा करायचे प्राणी दीडशेच्या आसपास होते. आज त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे.

त्याच वर्षी जपानमध्येच तामागोची नावाचे हातात मावणारे इलेक्ट्रॉनिक पिल्लू आले. वेळेवर खाऊ घातला नाही तर ते मरायचे. १९९९ साली निओपेट्स हा ऑनलाइन पाळीव प्राण्यांचा खेळ सुरू झाला. त्यात आपल्या पाळीव प्राण्यालाही एक पाळीव प्राणी देता येतो आणि त्या दुसऱ्याच्या अंगावर एक इवलासा किडाही बाळगता येतो! २००१ साली सुरू झालेल्या अ‍ॅनिमल क्रॉसिंग या खेळमालिकेत किडे पकडून संग्रहालयाला द्यायचे असतात. तिच्या २०२० सालच्या खेळात ८० प्रकारचे किडे आहेत आणि त्यांतले बरेच ठरावीक महिन्यांत, ठरावीक वेळीच दिसतात.

म्हणजे हे खेळ निसर्गाचे शत्रू म्हणून जन्मलेले नाहीत. उलट, निसर्ग हातचा गेल्याच्या हळहळीतून त्यांतला सर्वांत मोठा खेळ जन्मला. खेळात मूल जे करते, म्हणजे बारकाईने पाहणे, दोन सारख्या गोष्टींतला फरक टिपणे, नाव लक्षात ठेवणे, यादी पुरी होईपर्यंत चिकाटीने शोधत राहणे, तेच निसर्गाचा अभ्यासक करतो. मग अडते कोठे?

किती ओळखता?

केंब्रिज येथील अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली 'सायन्स' या साप्ताहिकात एक छोटी पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी ४ ते ११ वर्षे वयाच्या १०९ ब्रिटिश शाळकरी मुलांना काही चित्रे दाखवली. काही चित्रे तेथील नेहमीच्या प्राण्यांची व वनस्पतींची होती, काही पोकेमॉनची. चार वर्षांची मुले खऱ्या जीवांपैकी सुमारे ३२ टक्के ओळखू शकली, तर पोकेमॉनपैकी ७ टक्के. आठ वर्षांच्या मुलांत खऱ्या जीवांचे प्रमाण ५३ टक्क्यांवर आले, पण पोकेमॉनचे ७८ टक्क्यांवर गेले.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. पहिली, मुलांची ओळखण्याची आणि लक्षात ठेवण्याची शक्ती अफाट आहे. दुसरी, ही शक्ती जेथे कोणी खाद्य पुरवील तेथे जाते. खेळ बनवणाऱ्याने प्रत्येक किड्याला नाव दिले, स्वभाव दिला, चौकोनात जागा दिली. आपण बांधावरच्या किड्याला काय दिले? 'नुसता किडा' एवढेच.

उत्क्रांती नव्हे, रूपांतरण

पोकेमॉनमध्ये कॅटर्पी नावाची अळी आहे. थोडा अनुभव मिळाला की तिचा मेटापॉड हा कोष होतो आणि पुढे बटरफ्री हे फुलपाखरू. या बदलाला खेळात 'इव्होल्यूशन', म्हणजे उत्क्रांती, म्हणतात. उत्क्रांतीचा धडा शिकवताना या शब्दाने मुलांचा घोटाळा होऊ शकतो. म्हणून हा फरक वर्गात नीट उलगडून सांगायला हवा.

त्यासाठी रुईचे एक झाड पुरे. रुईच्या पानांखाली बिबळ्या कडवा या नारिंगी फुलपाखराची मादी एकेक अंडे घालते. काही दिवसांत काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी निघते. ती रुईची पाने खाते आणि त्यांतले विषारी द्रव्य अंगात साठवते. साधारण दोन आठवड्यांत तिची वाढ पुरी होते आणि ती कोषात जाते. आठवडा-दहा दिवसांनी कोषातून फुलपाखरू बाहेर पडते. हे झाले रूपांतरण.

याची यंत्रणा मोठी नामी आहे. फुलपाखराचे पंख, पाय, डोळे घडवणाऱ्या पेशींचे पुंजके अळीच्या शरीरात आधीपासूनच असतात. अळीच्या शरीरात दोन संप्रेरके काम करतात. एक कात टाकायला लावते. दुसरे 'अजून बालपणातच राहा' असा निरोप देत असते. हे दुसरे संप्रेरक भरपूर असेतो कात टाकली तरी अळीची मोठी अळीच होते. ते आटले की त्यानंतरची कात टाकताना कोष होतो आणि पुंजक्यांतून नवे अवयव आकार घेतात. सारा बदल एकाच जीवाच्या आयुष्यात घडतो आणि त्याची माहिती त्याच्या जनुकांत पहिल्यापासून असते.

उत्क्रांती पाहायची तर त्याच बांधावर छोटा चांदवा हे फुलपाखरू शोधावे. त्याचा नर काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी नारिंगी! कडवा विषारी असल्याने पक्षी एकदा चव घेतली की त्याच्या वाटेला पुन्हा जात नाहीत. चांदव्याच्या मादीत तसले विष नाही. पण पूर्वी कधी तरी ज्या माद्या कडव्यासारख्या थोड्याबहुत दिसत होत्या, त्या पक्ष्यांच्या तावडीतून अधिक प्रमाणात वाचल्या. त्यांची संतती वाढली. हे असंख्य पिढ्या चालले आणि साम्य वाढत गेले. येथे एकही फुलपाखरू स्वतः बदललेले नाही. बदलली ती पिढ्यांची गोळाबेरीज. रूपांतरण एका जीवाचे होते, उत्क्रांती समूहाची होते. मुले हे एकदा शेजारी शेजारी पाहतील तर विसरणार नाहीत.

किड्यावर किडा

आता त्या उसाच्या पानाकडे वळू. संध्याकाळी आम्ही उसाच्या किडींचा अभ्यास करणाऱ्या एका स्नेह्यांना फोन लावला. पांढऱ्या ठिपक्यांचे वर्णन ऐकताच ते म्हणाले, "फवारणी थांबवा. आधी पाने मोजा."

पाकोळी, म्हणजेच पायरिला, उसाच्या पानातला रस शोषते. शिवाय ती चिकट गोड द्रव टाकते. त्यावर काळी बुरशी वाढते आणि पानाला ऊन मिळेनासे होते. पण पाकोळीलाही एक शत्रू आहे. एपिरिकॅनिया हा बारीक काळसर पतंग उसाच्या पानांवर शेकडो अंडी घालतो. त्यांतून निघालेल्या अळ्या जवळून जाणाऱ्या पाकोळीच्या अंगावर चढतात, तिला चिकटून बसतात आणि तिच्या शरीरातला रस शोषून वाढतात. पूर्ण वाढलेली अळी पाकोळीला सोडून पानावर उतरते आणि पांढरा कोष विणते. आमच्या मुलाने पाहिलेले कापसाचे ठिपके ते हेच. ऊस पाकोळीचे घर, आणि पाकोळी अळीचे घर. निओपेट्समध्ये पाळीव प्राण्याच्या प्राण्यावर किडा बसतो ना, तशीच ही उतरंड. फक्त येथे प्रत्येक पायरीवर कोणाचे तरी पोट आहे.

पांढरे कोष भरपूर असताना कीटकनाशक फवारले तर पाकोळीबरोबर तिचा शत्रूही मरतो. फवाऱ्यातून वाचलेली पाकोळी मग निर्धास्तपणे वाढते. कोष फारच थोडे असले आणि पाकोळी बेसुमार असली तर गोष्ट निराळी. म्हणूनच 'आधी पाने मोजा'.

हे ज्ञान किती मोलाचे असते याचा धडा महाराष्ट्राने २००२ साली घेतला. त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला आणि पाहता पाहता जिल्ह्यामागून जिल्हे त्याने व्यापले. पानांची मागची बाजू पांढऱ्या लोकरीने भरून जायची. या किडीला खाणारे कीटक हळूहळू शेतांत दिसू लागले. त्यांत डायफा या पतंगाची अळी महत्त्वाची. पतंगांच्या बहुतेक अळ्या पाला खातात; ही मांसाहारी, माव्यावर जगणारी. मायक्रोमस या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्याही तेच करीत. हे मित्रकीटक जाळीखाली वाढवून शेतांत सोडण्यात आले. ज्या उसावर ते होते त्याची पाने तोडून दुसऱ्या उसात ठेवण्यात आली. मावा आटोक्यात आला तो मुख्यतः या मित्रांमुळे. पण त्यासाठी शेतकऱ्याला एक गोष्ट यावी लागत होती: पानावरची कोणती अळी शत्रू आणि कोणती मित्र, हे ओळखणे. 'नुसता किडा' म्हणून दोन्ही मारणाऱ्याचे नुकसान दुहेरी होते.

गोळा करण्याची खरी वेळ

खेळातला किडा ठरावीक वेळीच सापडतो, हे मुलांना अवघड वाटत नाही. मग हुमणीचे वेळापत्रकही त्यांना सहज समजेल. हुमणीची अळी जमिनीत राहून उसाची मुळे खाते. तिचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसानंतर, संध्याकाळी अंधार पडता पडता जमिनीतून बाहेर निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खायला जमतात. पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत जातात. वर्षात यांची एकच पिढी होते.

अशा वेळी झाडाच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करणे हा हुमणीवरचा एक स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. हिशेब मुलांनाच करू द्यावा. एक मादी साधारण पन्नास अंडी घालते असे धरा. शंभर भुंगेऱ्यांत निम्म्या माद्या असतील, तर शंभर भुंगेरे वेळेवर गोळा केल्याने किती अंडी टळली? पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे अडीच हजार. सगळ्या अंड्यांतून अळ्या जगत नाहीत हे खरे, पण आकड्याचा रोख कळतो. हेच काम तीन आठवडे उशिरा केले तर? अंडी घालून झालेली असतील. गोळा केलेल्या भुंगेऱ्यांचा ढीग तेवढाच दिसेल, उपयोग मात्र नाही. आणि एकाच शेतकऱ्याने केले तर? भुंगेऱ्यांना बांध कळत नाही. सारा गाव उतरला तरच अर्थ.

दुर्मीळ म्हणजे काय?

खेळात दुर्मीळ किड्याला भाव असतो. तो दुर्मीळ असतो, कारण खेळ रचणाऱ्याने तसे ठरवलेले असते. निसर्गात कोणी ठरवत नाही; दुर्मीळपणाला कारण असते आणि ते शोधावे लागते. मृगाचा लाल मखमली किडा वर्षात थोडेच दिवस दिसतो, कारण त्याचे बाकीचे आयुष्य जमिनीखाली जाते. त्याचे पाय मोजायला सांगा. आठ भरतील! म्हणजे तो कीटक नव्हेच. कोळी आणि गोचिडांचा भाऊबंद.

उलट, जे सर्रास दिसते ते सामान्य असते असेही नाही. पावसाळ्यात डाळजच्या माळावर पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात. त्यांकडे कोणी मान वर करून पाहत नाही. पँटाला या जातीचे हे चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. जाऊन-येऊन हा प्रवास १४ ते १८ हजार किलोमीटरांचा, आणि तो एका चतुराचा नव्हे. साधारण चार पिढ्या मिळून तो पुरा करतात. पाच सेंटिमीटरही लांबी नसलेला हा जीव पावसाच्या डबक्यात जन्मतो आणि वाऱ्यावर बसून समुद्र पार करतो. खेळात याला शेवटच्या चौकोनात बसवले असते. येथे तो फुकट डोक्यावरून जातो.

आजवर विज्ञानाने सुमारे दहा लाख जातींच्या कीटकांना नावे दिली आहेत. नाव न मिळालेल्या याहून कितीतरी अधिक असाव्यात असा अंदाज आहे. एवढे चौकोन कोणत्याही खेळात नाहीत.

वर्गात काय करता येईल?

मुलांचा मोबाइल काढून घ्या, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या खेळाचाच साचा वापरावा. प्रत्येक मुलाने शिवारातल्या कीटकांची पत्ते-वही करावी. पत्ता मिळवायचा तर पाच प्रश्नांची उत्तरे स्वतः पाहून द्यायची: कोठे दिसला? कोणत्या महिन्यात आणि किती वाजता? काय खात होता? त्याला कोण खाते? त्याची याआधीची अवस्था कोणती? नाव ठाऊक नसले तरी चालेल. 'पाठीवर दोन ठिपक्यांचा' असे स्वतःचे नाव द्यावे. खरे नाव नंतर सापडते, पाहायचे राहिले तर मात्र राहूनच जाते.

काही पथ्ये पाळावीत. किडे मारून टाचण्या टोचण्याची गरज नाही; चित्र किंवा मोबाइलवरचे छायाचित्र पुरे. केसाळ अळ्या, गांधीलमाश्या, आग्या मोहोळ यांच्यापासून दूर राहावे. काही भुंगेऱ्यांच्या स्पर्शाने कातडीवर फोड येतात, म्हणून अनोळखी भुंगेरा हाताने धरू नये. आणि नुकतीच फवारणी झालेल्या शेतात मुलांना मुळीच नेऊ नये.

डाळजच्या त्या उसाचे पुढे काय झाले? चुलते म्हणाले होते, "आठ दिस थांबतो. पर पोरगं रोज मोजंल का?" पोराने मोजले. सरीतली ठरावीक पाने धरून रोज पाकोळ्या किती आणि पांढरे कोष किती, याचा तक्ता त्याने वहीत केला. आठ दिवसांनी कोष वाढलेले आणि पाकोळ्या उतरणीला लागलेल्या दिसल्या. पंप तसाच खुंटीला राहिला. दर वेळी असेच होईल असे नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मोजावे लागेल आणि कदाचित फवारावेही लागेल.

दिवाळीनंतर अळ्या मोजायला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्याने पत्ते-वही दाखवली. तेवीस पत्ते होते. चौदांना नावे होती, नऊ बिननावी. त्यांतल्या एकावर त्याने लिहिले होते: 'पाकोळीच्या अंगावर चढायच्या आधी ही अळी काय खाते?'

त्याचे उत्तर आम्ही त्याला लगेच दिले नाही. उसात चल, म्हणालो.